माळ कपाटात ठेवली, पण हात अजून गळ्याशी जातो

पत्र

ताई, रामकृष्णहरी. मी ठाण्यात कोपरीला राहतो, वय ४७. आजोबांपासून घरात पंढरीची वारी आहे. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षी माळ घातली. रजा मिळत नाही म्हणून हल्ली पंढरपूरजवळ वाखरीला जाऊन दिंडीला मिळतो, पण वारी चुकवलेली नाही.

नवी मुंबईत महाप्याच्या एका कंपनीत मी खरेदी विभागात आहे. जानेवारीत पुठ्ठ्याचे खोके पुरवणारा एक जण कॅलेंडर आणि डायरी घेऊन आला. डायरीत लाल रिबीन असते तिथे पाकीट होतं. मी पान उघडलं, परत मिटलं आणि डायरी बॅगेत टाकली. त्यात १५ हजार होते. नंतर एप्रिलमध्ये २० आणि जूनमध्ये २५. त्याचा दर इतरांपेक्षा खोक्यामागे २ रुपये जास्त आहे, महिन्याला आठ हजार खोके लागतात, तरी ऑर्डर त्यालाच जाते. पैसे मुलीच्या बारावीच्या क्लासला लागले. (माझ्या बरोबरीच्या एकाने मागच्याच वर्षी घोडबंदरला फ्लॅट घेतला. मी अजून चाळीस वर्षं जुन्या इमारतीत.)

त्यातले ५ हजार मी आषाढीला अन्नदानाला दिले. वाटलं, हलकं होईल. नाही झालं. द्वादशीला घरी आलो आणि माळ काढून कपाटात ठेवली. गाडीत हरिपाठ म्हणायचो, तोही बंद आहे. बायकोला सांगितलं, दोरा तुटलाय. पण बोलता बोलता हात अजून गळ्याशी जातो. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, आत्म्याला पाप लागत नाही, कर्म शरीराचं असतं, तू उगाच मनाला लावून घेतोस. मला एकच कळत नाही. मनात नसताना हात पुढे गेला कसा? दिवाळी आली आहे, तो माणूस पुन्हा येणार.

उत्तर

रामकृष्णहरी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा 'दोरा तुटलाय' याच शब्दांपाशी अडले. तीन पाकिटांपेक्षा त्या एका वाक्याने मला जास्त अस्वस्थ केलं. पाकीट घेतलंत, मग अन्नदान करून बघितलंत, मग माळ उतरली, हरिपाठ सुटला आणि शेवटी घरात खोटं शिरलं. आपण कोण आहोत याची आठवण करून देणारं जे जे तुमच्याजवळ होतं, ते एकेक करून तुम्ही स्वतःच दूर ठेवलंत. 'मी आता लायक नाही' म्हणून हे केलंत, स्वतःला शिक्षा म्हणून केलंत, हे मला समजतं. पण त्या पाकिटाला नेमकं हेच हवं असतं, भाऊ. आठवण करून देणारं कोणी आसपास उरलं नाही की चौथं पाकीट फार सोपं जातं.

तुमचा प्रश्न अर्जुनानेही विचारला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला ३६वा श्लोक काढून बघा: इच्छा नसताना, कोणी बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? कृष्ण तिथे काम-क्रोधाचं नाव घेतो, कितीही खाऊन ज्यांचं पोट भरत नाही असे. पण तुमच्या उपयोगाचं उत्तर मला त्याच्या आधी, दुसऱ्या अध्यायाच्या ६२ आणि ६३ या श्लोकांत दिसतं. तिथे पायऱ्या सांगितल्या आहेत. एखाद्या गोष्टीचं चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, आणि त्यानंतर बुद्धिनाश. क्रम नीट पाहा. बुद्धी जाण्याआधी स्मृती जाते. माणसाला चांगलं-वाईट कळेनासं होतं ते नंतर. आधी तो विसरतो.

आता याच पायऱ्यांवरून तुमचं पत्र वाचते. डायरी जानेवारीत आली, पण सुरुवात जानेवारीत झालेली नाही. क्लासच्या फीचा आकडा त्याआधी कित्येक रात्री तुमच्या उशाशी असणार. बरोबरीच्या माणसाच्या फ्लॅटबद्दल तुम्ही कंसात लिहिलंत, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही. षड्रिपू आपण तोंडपाठ म्हणतो, काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर, जणू ते रांगेने एकेक येतात. तसे ते येत नाहीत. पाकीट लोभाने उचललं असेल, पण दाराची कडी काढली मोहाने आणि मत्सराने. मुलीवरचं प्रेम म्हणून मोह येतो, त्यामुळे त्याला कोणी अडवत नाही. तो आत आला की मागून बाकीचे येतात. म्हणून मी सांगते, राखण पाकिटापाशी करून भागत नाही. मनात आकडे घोळायला लागतात, दुसऱ्याच्या घराच्या खिडक्या मोजल्या जातात, तिथेच जागं व्हायचं. तिथे मन वळवायला फार जोर लागत नाही. डायरीचं पान उघडल्यावर मात्र फार जोर लागतो, आणि तेवढा जोर त्या क्षणी बहुतेकांकडे नसतो.

तुम्ही पान उघडलंत, पाहिलंत आणि मिटलंत. त्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही मनाशी काय म्हणालात ते पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. 'आत्ता इथे नको, घरी जाऊन बघू.' हो ना? हे 'बघू' फार वाईट. नाही म्हणायचं धैर्य नसलं की आपण बघू म्हणतो आणि तेवढ्यात वस्तू बॅगेत गेलेली असते.

हे मी वरून सांगत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी नौपाड्यात आमची वीस बायकांची भिशी होती, महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये. पैसे माझ्याकडे असायचे. एकदा घरात अडचण आली आणि त्या ६ हजारांतले ४ हजार मी अकरा दिवस वापरले. वेळेच्या आधी परत ठेवले, कोणाला कळलंही नाही. पण ते अकरा दिवस मला अजून आठवतात ते संध्याकाळच्या दिव्यामुळे. मी दिवा लावायचे, वात पुढे ओढायचे, काडी विझवायचे आणि उठायचे. वातीच्या वर, देवाच्या तोंडाकडे नजर जायचीच नाही. एरवी मी तिथे दहा मिनिटं बसायचे. पैसे परत ठेवल्यावरही ते बसणं परत आलं नाही. शेवटी पुढच्या भिशीला, चहा झाल्यावर, मी सगळ्यांना सांगितलं. दोघी-तिघी म्हणाल्या, असू दे गं. एक काहीच बोलली नाही, तिने वही स्वतःकडे ओढली आणि पुढच्या महिन्यापासून पैसे तिच्याकडे गेले. मला ते लागलं. पण त्या संध्याकाळी मी दिव्यापुढे बसले आणि वर बघू शकले.

म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. आत्मा अलिप्त आहे हे खरं आहे, संतांनी ते सांगितलं आहे, पण ज्याची देहबुद्धी गळून पडली आहे त्याच्याबद्दल. २५ हजार मोजताना, ते घडी करून कपाटात ठेवताना, फीची पावती घेताना 'हे माझं' म्हणणारा जो होता, तो काही अलिप्त नव्हता. पैसे घेताना मी, आणि हिशेब द्यायची वेळ आली की शरीर, ही वाटणी चालायची नाही. एवढा मोठा विचार इतक्या हलक्या कामाला जुंपलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं.

त्याच आत्म्याची गोष्ट तुमच्या उपयोगाच्या बाजूने सांगते. तुम्हाला झोप लागत नसणार. अन्नदान करून हलकं वाटलं नाही. हात गळ्याशी जातो. हे सगळं कोणाला टोचतंय? तीन पाकिटं घेणारे तुम्ही, आणि ती घेतलेली पाहून बेचैन होणारेही तुम्हीच. तो जो पाहणारा आहे, जो एका पैशाला विकला गेलेला नाही, तुमचं मूळ त्याच्यापाशी आहे. गीतेत त्याच तिसऱ्या अध्यायात धुळीने झाकलेल्या आरशाचा दृष्टांत आहे. धूळ बसली की चेहरा दिसत नाही, पण आरसा तडकलेला नसतो. तुम्ही मात्र धूळ पाहिलीत आणि आरसाच काढून कपाटात ठेवलात. बाकी मित्राच्या शरीराच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन की तुमच्या शरीरानेसुद्धा ओळख सोडलेली नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय असलेला हात अजून मणी शोधतो आहे.

आता अन्नदानाबद्दल. तुम्ही वाईट हेतूने दिलं नाहीत, पण त्या ५ हजारांवर तुमचा हक्क नव्हता, मग दान तुमचं कसं होईल? जुन्या धर्मशास्त्रकारांनी प्रायश्चित्ताचा खूप विचार केला आहे. त्यात ख्यापन आहे, म्हणजे आपण केलेलं आपल्या तोंडाने सांगणं. अनुताप म्हणजे पश्चात्ताप आहे, तप आहे, जप आहे. दानही आहे. आपण हल्ली बाकीचं सगळं ओलांडून थेट दानपेटीपाशी जातो, कारण तिथे कोणाला काही सांगावं लागत नाही. तुमचा अनुताप खरा आहे, पत्राच्या ओळीओळीत तो दिसतो. राहिलं आहे ते ख्यापन आणि भरपाई.

भरपाई किती? तुम्ही ६० हजार म्हणाल. मी जरा हिशेब केला. खोक्यामागे २ रुपये, महिन्याला आठ हजार खोके, म्हणजे महिन्याला १६ हजार. जानेवारी ते सप्टेंबर, नऊ महिन्यांचे १ लाख ४४ हजार. तुमच्या हातात ६० आले, पण कंपनीचे गेले त्याच्या दुपटीहून जास्त. आणि गेले ते फक्त कंपनीचे नाहीत. पावण्याला किंवा रबाळ्याला पत्र्याच्या शेडमध्ये खोके बनवणारा कोणी तरी असेल, ज्याने २ रुपयांनी कमी दर भरला होता, माल चांगला होता, आणि तरी ऑर्डर का मिळाली नाही हे त्याला आजही कळलेलं नाही. त्याच्याही घरात बारावीची मुलगी असू शकेल. पाप म्हटलं की आपण आपल्या आणि देवाच्या मधलं काही तरी समजतो. मधे हा माणूस उभा असतो, तो आपल्याला दिसत नाही.

काय करायचं ते आता सरळ सांगते.

दिवाळीच्या भेटी सुरू व्हायच्या आत त्या माणसाला फोन करा. तो समोर येऊन बसेपर्यंत थांबू नका, समोर आल्यावर पुन्हा 'बघू' होईल. त्याला म्हणा, पाकीट आणू नका, आणलंत तर सगळ्यांसमोर परत करेन. यापुढे भेटायचं तर ऑफिसात, दार उघडं ठेवून, विभागातला आणखी एक जण बसलेला असताना. मग तीन ठिकाणांहून नवे दर मागवा, तुलनेचा तक्ता अकाउंट्सच्या माणसासमोर करा आणि ज्याचा दर आणि माल योग्य त्याला ऑर्डर द्या.

तो म्हणू शकतो, 'साहेब, तुम्ही घेतलेत की आतापर्यंत.' या वाक्याची भीती आहे तोवर तुम्ही त्याच्या मुठीत आहात. ती भीती जायला एकच रस्ता आहे, त्याने सांगण्याआधी तुम्ही तुमच्या वरिष्ठांना सांगणं आणि ६० हजार कंपनीला परत करण्याची तयारी दाखवणं. याने नोकरी जाऊ शकते. मी ते लपवणार नाही, आणि तुमच्या घरात बसून हा निर्णय मी घेऊ शकत नाही. कागदावर काही लिहून देण्याआधी ओळखीच्या वकिलाशी एकदा बोला. माझं मत विचाराल तर सांगावं, असंच आहे. पण तेवढं धैर्य या आठवड्यात नसेल, तर निदान ६० हजार वेगळे काढायला आजपासून सुरुवात करा, महिन्याला पाच पाच हजार का होईना. अन्नदानाचे ५ हजार त्यातून वजा धरू नका. आणि त्या पैशाला देवाच्या नावाने हात लावू नका. मुलीला यातलं काही सांगायची आत्ता गरज नाही. तिचं बारावीचं वर्ष आहे, आपल्या फीचं ओझं तिच्या डोक्यावर नको.

रोजच्या दिवसात आठवण कशी ठेवायची, यासाठी तुम्हाला नवीन काही शिकायचं नाही. तुमच्याकडे सगळं होतं. कोपरीतून स्टेशनला येता, नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून गाडी धरता, घणसोलीला उतरता. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. गाडी खाडीचा पूल ओलांडते तिथे मोबाइल खिशात टाका आणि हरिपाठ सुरू करा, उद्यापासूनच. सगळे अभंग बसणार नाहीत, चार बसले तरी चालतील. मन लागणार नाही, लाज वाटेल, अर्ध्यावर खोक्यांचा दर आठवेल. आठवू दे, पुढचा अभंग घ्या. मन चंचल आहे, आवरत नाही, अशी तक्रार अर्जुनाचीच आहे, आणि सहाव्या अध्यायात कृष्णाने ती मान्य करून दोनच गोष्टी सांगितल्या: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे रोज तेच, पुन्हा. ज्या दिवशी चुकलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तर नक्कीच.

हरिपाठाला मी काही अट घालत नाही. माळेचं मात्र वेगळं आहे. माळ हा नेम आहे, परद्रव्य वर्ज्य हे तुम्ही ती घालताना कबूल केलं होतं. त्यामुळे फोन होईपर्यंत माळ कपाटात राहू द्या. फोन झाला, घरात खरं बोलून झालं, की ती आणखी एक दिवसही तिथे ठेवू नका. 'आधी पुरता शुद्ध होतो, मग घालतो' असं म्हणू नका. चंद्रभागेत उतरणारा कोणी घरून स्वच्छ झाल्याचा दाखला घेऊन येत नाही. ज्यांच्या हातून माळ घातलीत ते असतील तर त्यांच्याकडे जा, नसतील तर भजनातल्या कोणा वडीलधाऱ्याकडे, आणि नेम मोडला हे सांगून पुन्हा त्यांच्या हातून घाला. दिवाळीच्या पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी आहे. तोवर सगळं होऊ शकतं.

एक गोष्ट मनात घोळत होती, ती लिहूनच टाकते. वाखरीला तुम्ही दिंडीला मिळता तेव्हा समोर येईल त्याच्या पाया पडता. तो वयाने लहान असो, ओळखीचा नसो, माऊली म्हणता आणि वाकता, तोही तुमच्या पाया पडतो. जो देव तुमच्यात तोच समोरच्यात, हे तिथे कोणी प्रवचन देऊन सांगत नाही, पाठ वाकवून सांगतात. तो खोकेवाला तुमच्या टेबलासमोर बसतो तेव्हा तोही माऊलीच आहे. पाकीट भरताना त्याचाही विसर पडलेला आहे. तुम्ही ते परत केलंत तर तुमच्याबरोबर त्यालाही एक संधी मिळते. फोनवर बोलताना आवाज चढू देऊ नका.

आणि सुरुवात फोनपासूनही नको. आज रात्री जेवणं झाली आणि मुलगी अभ्यासाला बसली की बायकोला घेऊन खाली चक्कर मारायला जा. २८ वर्षं गळ्यात असलेली माळ असा दोरा तुटला म्हणून तीन महिने तशीच राहत नाही, हे त्यांना केव्हाच कळलं असेल. दोरा तुटलेला नाही, इथूनच सांगायला लागा.